कॉलर बोनच्या आतल्या टोकाला सूज आली आहे, आयसीयूत सेंट्रल लाईन लावली होती, त्याचंच असेल का?

प्रतापनगरची_लेक
२६ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार सगळ्यांना. लांबलचक लिहून राहिली, पण अर्धवट सांगितलं तर कोणी नीट सांगू शकणार नाही म्हणून सगळं एकदाच लिहिते.

माझी आई, वय ५८, शुगर आहे बारा वर्षांपासून. मार्चमध्ये पित्ताच्या खड्यामुळे पॅनक्रियाला सूज आली, पोटात इतकं दुखत होतं की उभं राहवत नव्हतं, रात्रीच ॲडमिट केलं. २२ मार्चला आयसीयूत गेली, हाताची शीर सापडत नव्हती आणि बीपी खाली होता म्हणून उजव्या कॉलर बोनच्या खालून सेंट्रल लाईन, म्हणजे छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, टाकली. ती लाईन ३१ मार्चपर्यंत होती म्हणजे ९ दिवस. २ एप्रिलला घरी आणलं. त्या लोकांनी तिला वाचवलं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस बरी होती. मग म्हणायला लागली की उजवा खांदा दुखते. आम्हाला वाटलं एका कुशीवर झोपून झोपून अवघडला असेल. मग अंबाडा घालायला हात वर जाईना, पोळी लाटताना मधेच थांबायची, हात मांडीवर ठेवून बसायची. जवळच्या हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी खांद्याचा एक्स-रे काढला, नॉर्मल आला, शुगरवाल्यांना फ्रोझन शोल्डर होतो, म्हणजे खांदा आखडतो म्हणाले, गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितले, भिंतीवर बोटं चालवायचे वगैरे. पाच दिवस तिने रडत रडत केले ते व्यायाम. दुखणं वाढलंच.

संध्याकाळी अंग कोमट लागते, थर्मामीटरवर कधी ९९.८ कधी १००.४. आता इथे ४४ चा पारा, आम्हाला वाटलं ऊन लागलं, पन्हं देऊन राहिलो, कूलरसमोर झोपवून राहिलो.

आज काय झालं ते सांगते. आज बघितलं तर आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही. चाळीस वर्षांत मी तिचा गळा रिकामा बघितला नाही, ऑपरेशनच्या वेळी सुद्धा बोटाला दोरा बांधून घेतला होता तिने. विचारलं तर म्हणे टोचते गं तिथे, काळे मणी घासतात. हात लावून बघितलं तर गळ्याच्या खड्ड्याच्या उजव्या बाजूला, कॉलर बोन जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते ना, तिथे लिंबाएवढी नाही पण अर्ध्या सुपारीएवढी सूज आहे, लाल आहे, गरम आहे, आणि बोट टेकवलं तर आई ओरडली. म्हणजे दुखणं खांद्यात नव्हतंच, ते इथून होतं आणि आम्ही खांदा धरून बसलो होतो.

लाईन टाकली होती ती जागा या सुजेपासून तीन-चार बोटं बाहेर आहे, तिथली जखम पूर्ण सुकली आहे, खूणही दिसत नाही नीट. मग लाईनचा आणि याचा संबंध असू शकतो का? हाडाच्या डॉक्टरांना आम्ही लाईनबद्दल सांगितलंच नव्हतं, डोक्यातच आलं नाही, आणि डिस्चार्ज कार्डवर पण त्याचा उल्लेख नाही. उद्या रविवार आहे. सोमवारपर्यंत थांबू का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.


वर्धारोडचा_भाऊ
२६ एप्रिल, रात्री ११:३४

ताई, घाबरू नका आधी. माझ्या काकूला असंच गळ्यापाशी गाठ आली होती, आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप लावला, चार दिवसात बसली. हलक्या हाताने तिळाच्या तेलाने चोळून मग शेक द्या. रविवार काढता येईल.


सिस्टर_आयसीयू
२६ एप्रिल, रात्री ११:५१

ताई, लेप नको, चोळू नका, शेक नको. भाऊ, तुम्ही चांगल्या मनाने सांगितलं, पण ही गोष्ट वेगळी वाटून राहिली.

मी १४ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. लाईन काढल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि कुठलाही एक सांधा लाल-गरम, हे ऐकलं की माझ्या तर पोटात गोळा येतो. शुगर पण आहे. सोमवारची वाट बघू नका. मी डॉक्टर नाही म्हणून निदान सांगणार नाही, पण कॅज्युअल्टी रविवारी पण चालू असते, सकाळी उठून मोठ्या ठिकाणी जा जिथे फिजिशियन, हाडाचे डॉक्टर आणि सीटी स्कॅन तिन्ही एकाच बिल्डिंगमध्ये आहे. आणि दारातच पहिलं वाक्य हे सांगा, की हिला मार्चमध्ये उजवीकडे सबक्लेव्हियन लाईन, म्हणजे कॉलर बोनखालच्या शिरेतली लाईन, होती ९ दिवस. खांदा दुखते असं सांगू नका, नाहीतर पुन्हा खांद्याचाच एक्स-रे होईल.

डिस्चार्ज कार्डवर नसलं तरी मेडिकल स्टोअरची बिलं असतील ना फाईलमध्ये? त्यात बघा, ट्रिपल ल्युमेन कॅथेटर किंवा सीव्हीसी किट असं लिहिलेलं सापडेल, त्यावर तारीख असते. ते बिल सोबत ठेवा. लाईन काढताना तिचं टोक कल्चरला, म्हणजे जंतू उगवतात का ते बघायला, पाठवलं होतं का तेही रिपोर्टमध्ये शोधा.

अजून एक. रात्री घरातली कुठली ॲन्टिबायोटिक देऊ नका. उद्या ब्लड कल्चर काढतील, त्याआधी गोळी पोटात गेली तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही आणि मग कोणता जंतू आहे ते कळतच नाही, मग अंदाजाने औषध द्यावं लागते सहा सहा आठवडे. तापाला पॅरासिटामॉल चालेल. पण रात्रीतून थंडी वाजून आली, हुडहुडी भरली, धाप लागली, आई बरळायला लागली, लघवी कमी झाली तर सकाळ पण बघू नका.


प्रतापनगरची_लेक
२७ एप्रिल, रात्री १२:०८

सापडलं. २२ मार्चच्या बिलात आहे, ट्रिपल ल्युमेन, सात फ्रेंच असं काहीतरी. टोकाच्या कल्चरचा रिपोर्ट नाही दिसत. सकाळी सहाला निघतो. धन्यवाद सिस्टर, खूप धन्यवाद.


हाडवैद्य_नाही_ऑर्थो
२७ एप्रिल, सकाळी ७:२०

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, नागपुरातच. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण ताईंचा प्रश्न होता की संबंध असू शकतो का, त्याचं उत्तर हो, असू शकतो, आणि का ते समजून घेतलं तर आज तुम्हाला डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल.

कॉलर बोन आणि छातीचं मधलं हाड यांच्यामध्ये जो सांधा आहे त्याला स्टर्नोक्लॅव्हिक्युलर जॉइंट म्हणतात, आम्ही एससी जॉइंट म्हणतो. आपला अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त याच एका सांध्यातून, बाकी सगळं स्नायूंवर लटकलेलं आहे. म्हणून हात वर केला की हा सांधा हलतो, आणि इथे बिघाड असला तरी पेशंट खांद्यावर हात ठेवून सांगतो की इथे दुखते. आईंना फ्रोझन शोल्डर सांगणाऱ्या डॉक्टरांवर मी राग काढणार नाही, शुगरच्या पेशंटमध्ये तो इतका कॉमन आहे की मी पण दिवसाला दोन-तीन बघतो. पण फ्रोझन शोल्डरमध्ये ताप नसतो आणि खांद्याच्या एक्स-रेमध्ये हा सांधा नीट येतच नाही. एससी जॉइंटचा वेगळा एक्स-रे काढला तरी सुरुवातीला तो नॉर्मलच दिसतो, हाड खायला लागल्यावर बदल दिसतात. म्हणून सीटी किंवा एमआरआय लागतो.

आता लाईनचा संबंध. सबक्लेव्हियन शीर कॉलर बोनच्या मागून जाते आणि याच सांध्याच्या मागे मानेतल्या शिरेला मिळते. लाईन टाकताना सुई कॉलर बोनच्या खालून, हाडाला घासत, गळ्याच्या खड्ड्याच्या दिशेनेच नेतात. म्हणजे बाहेर टाक्यांची जागा तीन-चार बोटं लांब असली तरी आतमध्ये नळी सांध्याच्या अगदी मागून गेलेली असते. जंतू तिथे जाण्याचे रस्ते दोन-तीन आहेत. क्वचित सुईच हाडाच्या आवरणाला किंवा सांध्याला लागते. कधी नळीभोवती शिरेत गुठळी होते आणि त्या गुठळीतच पू होतो, तो शेजारी पसरतो. आणि तिसरा म्हणजे जंतू नळीतून रक्तात जातात आणि रक्तातून सांध्यात बसतात, हे मग फक्त या सांध्यात नाही, गुडघ्यात, कंबरेखालच्या सांध्यात, मणक्यात कुठेही होऊ शकतं. सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो आणि जंतूंना अडवायला तिथे मजबूत पडदा नसतो, म्हणून रक्तात फिरणारा जंतू सांध्यात सहज उतरतो. बाहेरची जखम सुकली म्हणजे आत सगळं ठीक, असं नसतं.

हे दुर्मिळ आहे. जंतुसंसर्ग झालेल्या एकूण सांध्यांमध्ये एससी जॉइंटचं प्रमाण शंभरात एखादं. पण ज्यांना होतं त्यांच्यात शुगर, डायलिसिस, नशेसाठी शिरेतून घेतलेली इंजेक्शनं आणि सेंट्रल लाईन हेच परत परत सापडतं. आणि उशीर केलेला परवडत नाही, कारण या सांध्याची पिशवी घट्ट असते, गुडघ्यासारखी फुगत नाही, त्यामुळे पूला जागा मिळत नाही आणि तो लवकर बाहेर पडतो. पुढे आला तर छातीच्या स्नायूखाली जमतो, मागे गेला तर छातीच्या आत, जिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

आज काय होईल साधारण: शुगर, सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज किती ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, दोन वेगळ्या जागांहून ब्लड कल्चर, सोनोग्राफीखाली सांध्यातून सुईने पाणी किंवा पू काढून तपासणी, सीटी किंवा एमआरआय, आणि मग ॲन्टिबायोटिक. पू टीबीसाठी पण पाठवायला सांगा, जीन एक्सपर्ट म्हणतात त्या टेस्टला. आपल्या देशात या सांध्याचा टीबी मी स्वतः बघितला आहे, तो आठवड्यात नाही, महिन्यांत हळूहळू येतो आणि सहसा इतका गरम-लाल नसतो, पण तपासून टाकलेलं बरं.


सिकलवाल्याची_बहीण
२७ एप्रिल, दुपारी १:४५

मी पण लिहिते कारण हे वाचून मला माझा भाऊ आठवला आणि आमच्या इकडे विदर्भात सिकलचे किती घरं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या भावाला सिकल सेल आहे, रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आजार, त्यातला एसएस पॅटर्न. क्रायसिस, म्हणजे हाडं खूप दुखायचा झटका, आला की त्याच्या हाताच्या शिरा मिळत नाहीत, लहानपणापासून सलाईन लावून लावून सगळ्या संपल्या. दोन वर्षांपूर्वी तो १९ चा होता, क्रायसिसमध्ये ॲडमिट केलं, तेव्हा मांडीतून लाईन टाकली, सहा दिवस ठेवली. घरी आल्यावर बारा-तेरा दिवसांनी त्याच बाजूचा खुबा दुखायला लागला. तर सिकलमध्ये हाडं दुखणं हे रोजचंच, म्हणून सगळे म्हणाले क्रायसिस आहे, पाणी पाज, दुखायची गोळी दे. त्यात सिकलच्या पोरांचा खुब्याचा बॉल रक्त न मिळाल्यामुळे वाळतो, तर कोणी म्हणे ते सुरू झालं. भाऊ मात्र एकच सांगत होता, ताई हे माझं नेहमीचं दुखणं नाही. नेहमीचं दुखणं त्याला इतकं पाठ आहे. तो पाय जरा वाकवून बाहेर टाकून झोपायचा आणि कोणी पाय सरळ केला की किंचाळायचा. पाचव्या दिवशी ताप १०३ आला तेव्हा सोनोग्राफी झाली, खुब्यात पू निघाला. ऑपरेशन करून धुतला. त्या पाच दिवसांत सांध्याची कुर्चा गेली, आज तो लंगडतो. इंजिनिअरिंग करून राहिला, हुशार आहे, पण लंगडतो.

मला कोणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त सिकलवाल्या घरांना एवढं सांगायचं आहे, पोरगा म्हणाला की हे नेहमीचं नाही तर त्याचं ऐका, आणि एकाच सांध्यात दुखत असेल आणि नुकतीच लाईन निघाली असेल तर डॉक्टरला लाईनचं सांगा. मी तेव्हा सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं ते सांगायचं असते म्हणून.

ताई, आईचं काय झालं ते कळवा. सकाळपासून दोनदा येऊन बघितलं.


डायलिसिस_घर
२७ एप्रिल, दुपारी ४:१५

आमचे बाबा डायलिसिसवर. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात ती, पिकेपर्यंत मानेत कॅथेटर होतं तीन महिने. एकदा डायलिसिस सुरू असतानाच थंडी वाजली, अंग थरथरलं, ताप आला, मशीन काढल्यावर उतरला म्हणून घरी पाठवलं. चार दिवसांनी डावा गुडघा सुजला. युरिक ॲसिड असेल असं म्हणत होते, किडनीवाल्यांना ते होतंच. आमच्या नशिबाने नेफ्रोच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टर मॅडम हट्टी, म्हणाल्या सुई टाकल्याशिवाय मी गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडची सूज, लिहिणार नाही. सुईत पू. कॅथेटर त्याच दिवशी काढलं आणि रक्तात आणि गुडघ्यात दोन्हीकडे तोच जंतू निघाला, स्टॅफ. गुडघा वाचला, आता चालतात, पायऱ्या जपून चढतात.

डायलिसिसच्या लोकांसाठी: मशीनवर थंडी वाजली तर ती कॅथेटरचीच समजून चला, रक्त तपासल्याशिवाय घरी येऊ नका. आणि फिस्टुला करायला टाळाटाळ करू नका, हात विद्रूप दिसतो म्हणून बाबांनी चार महिने काढले होते, त्या चार महिन्यांनीच हे कॅथेटर आणलं.


प्रतापनगरची_लेक
२७ एप्रिल, रात्री ९:३०

तुम्ही सगळ्यांनी विचारलं म्हणून हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून टाईप करून राहिली.

सकाळी पावणेसातला पोहोचलो. मी दारातच बोलले, मार्चमध्ये सबक्लेव्हियन लाईन होती, आता एससी जॉइंटला सूज आणि ताप आहे. ड्युटीवरची डॉक्टर पोरगीच होती, माझ्यापेक्षा लहान, तिने लगेच वर बघितलं आणि खुर्ची ओढून आईसमोर बसली. पुढचं सगळं पटापट झालं. शुगर ३१२. सीआरपी १४६. दोन्ही हातांतून ब्लड कल्चर. सोनोग्राफीवाल्यांनी सुई टाकली तर पिवळसर घट्ट पू निघाला, जेमतेम तीन एमएल, मी बाटलीत बघितला. माझ्या आईच्या गळ्यात हा घेऊन ती भिंतीवर बोटं चालवत होती.

सीटीत सांध्यात पू आहे, कॉलर बोनचं टोक थोडं खाल्लेलं आहे, आणि समोर छातीच्या स्नायूखाली थोडा जमा झाला आहे. मागे छातीत काही नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मागे काही नाही. व्हॅन्कोमायसिन सुरू केलं, जंतू कळेपर्यंत. परवा ऑपरेशन करून उघडून धुणार म्हणाले.

वर्धा रोडच्या भाऊंवर कोणी रागावू नका, त्यांनी मला मेसेज केला आणि एका बाटलीची गरज पडली तर रक्त द्यायला येतो म्हणाले.


वर्धारोडचा_भाऊ
२७ एप्रिल, रात्री ९:५२

ताई, माझा लेप विसरून जा. मी मनापासून सांगितलं होतं पण चुकीचं सांगितलं. चोळलं असतं तर काय झालं असतं हा विचार दिवसभर डोक्यात आहे. बी पॉझिटिव्ह आहे माझं, कधीही फोन करा.


हाडवैद्य_नाही_ऑर्थो
२७ एप्रिल, रात्री १०:२५

मागे काही नाही ही खरंच चांगली बातमी आहे. पू निघालेला सांधा फक्त औषधावर सोडत नाहीत सहसा, उघडून धुणं, मेलेला भाग खरवडून काढणं हेच बरोबर. हाड जास्त खाल्लेलं निघालं तर सांधा आणि कॉलर बोनचं आतलं टोक काढून टाकावं लागतं, ऐकायला भयंकर वाटतं पण हात त्यानंतरही चांगला चालतो, मी असे पेशंट बघितले आहेत जे विहिरीवरून पाणी काढतात.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आला तर हृदयाचा इको करतील, घाबरू नका, तो नेहमीचा भाग आहे, हा जंतू रक्तात फिरला की हृदयाच्या झडपेवर बसू शकतो म्हणून बघावंच लागतं. आईंना पाठ किंवा कंबर दुखते का तेही विचारा, दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, मणका बघतील.


प्रतापनगरची_लेक
५ मे, रात्री ८:४०

उशीर झाला कळवायला. २९ ला ऑपरेशन झालं. हाड थोडंच खरवडलं, काढावं लागलं नाही. ब्लड कल्चर आणि पू दोन्हीत स्टॅफ ऑरियस, पण मेथिसिलीन सेन्सिटिव्ह, म्हणजे साध्या औषधाला दाद देणारा निघाला, म्हणून व्हॅन्कोमायसिन बंद करून सेफाझोलिन दिवसातून तीनदा. टीबी निगेटिव्ह. इको दोनदा केला, झडपा स्वच्छ. दोन दिवसांनी परत काढलेलं ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं. ताप चार दिवसांपासून नाही. सीआरपी १४६ वरून ३८.

आता माझा नवीन प्रश्न. इंजेक्शन एकूण सहा आठवडे द्यायचं आहे आणि साधी सलाईनची सुई दर दोन-तीन दिवसांनी बिघडून राहिली, आईचे दोन्ही हात काळेनिळे झाले. म्हणून डॉक्टर म्हणतात दंडातून पिक लाईन टाकू आणि घरी जा, सिस्टर येऊन इंजेक्शन देईल. पण ती पण सेंट्रल लाईनच ना? दंडातून जाऊन टोक तिथेच छातीत. ज्या गोष्टीने हे झालं तीच परत टाकायची? आई काही बोलत नाही पण ऐकल्यापासून जेवली नाही नीट. काय करू?


सिस्टर_आयसीयू
५ मे, रात्री ११:१५

ताई ड्युटी संपवून लिहून राहिली. तुमची भीती बरोबर आहे, ती आईला बोलून दाखवू द्या, दाबून ठेवू नका. आणि डॉक्टरांना सरळ विचारा की ब्लड कल्चर निगेटिव्ह आल्यानंतरच टाकणार ना. तुमचं आलेलं आहे म्हणजे योग्य वेळ आहे.

पण मी एक सांगते. लाईन म्हणजे इन्फेक्शन असं नाही. लाईन कशी टाकली आणि रोज तिला कोणी कसा हात लावला, त्यावर बहुतेक सगळं आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरच्या वर आयसीयूंचा अभ्यास छापून आला होता, तो आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. त्यांनी नवीन मशीन किंवा महागडं औषध आणलं नाही. हात धुवा, टाकताना पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापड झाका, त्वचा क्लोरहेक्झिडीनने स्वच्छ करा, शक्यतो मांडीतून टाकू नका, आणि गरज नसलेली लाईन काढून टाका. एवढ्याच पाच गोष्टी, आणि त्या झाल्या नाहीत तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, हा अधिकार सिस्टरला दिला. तीन महिन्यांत तिथल्या निदान अर्ध्या आयसीयूंमध्ये लाईनचं इन्फेक्शन शून्यावर आलं. मी स्वतः एकदा सीनियर डॉक्टरला म्हटलं होतं सर ग्लोव्ह्ज बदला, हात बेडच्या कठड्याला लागला. ते थांबले, बदलले. त्या दिवशी मला माझ्या कामाची किंमत कळली.

घरी तुम्हीच ती सिस्टर. येणारी मुलगी कितीही घाईत असो, तिला आधी साबणाने हात धुवायला लावा, बेसिनवर नवीन साबण आणि धुतलेला नॅपकिन ठेवा. नळीच्या टोकाला जे बूच असते त्याला हब म्हणतात, ते स्पिरिटच्या पट्टीने घासायचं, नुसतं पुसायचं नाही, घासायचं, पंधरा सेकंद, आणि मग सुकू द्यायचं, फुंकर मारायची नाही. मी तर मनात पंधरापर्यंत आकडे मोजते. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर सलाईनने फ्लश.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलतात, पण कडेने सुटलं, ओलं झालं, आत रक्त किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी. आणि हा मे महिना आहे, नागपुरात घामाने ड्रेसिंग तिसऱ्या दिवशीच सुटते, हे माझ्या पेशंटच्या घरचे हमखास विसरतात. आईला कूलरच्या थेट झोतात झोपवू नका, त्या हवेत पाण्याचे तुषार असतात आणि ड्रेसिंग दमट होते, कूलर तिरका करा. अंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळून टेप लावा, आणि तरी तो हात बादलीच्या बाहेरच. त्या हातात बीपी मोजू द्यायचा नाही. आणि ड्रेसिंगवर बदलल्याची तारीख पेनाने लिहा.

लाईन टाकल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि काढायची तारीख पण आजच विचारून लिहून ठेवा. शेवटचं इंजेक्शन झालं की त्याच दिवशी काढायला सांगा. परवा रविवार म्हणून, सिस्टर सुट्टीवर म्हणून, असं दोन दिवस पण राहू द्यायची नाही.


प्रतापनगरची_लेक
२७ मे, दुपारी ३:०५

नवतपा सुरू झाला, आज ४५ आहे, आई आतल्या खोलीत खस लावून झोपली आहे.

पिक लाईन ८ मेला टाकली. आईला मी सिस्टरचं सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली मग टाका, पण आकडे मी मोजणार. आता इंजेक्शनवाली मुलगी आली की आई डोळे मिटून मोठ्याने मोजते एक ते पंधरा, सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला. पहिल्या दोन दिवशी मुलीला राग आला, आता ती पण सोबत मोजते.

परवा ड्रेसिंगची खालची कड सुटली होती, बदलून फक्त तीन दिवस झाले होते. मुलगी म्हणाली वरून टेप मारू. मी नाही म्हटलं, ऑटो करून नेलं आणि बदलून आणलं. काल सीआरपी ६ आला. हात अजून कानापर्यंत जातो, डोक्यापर्यंत नाही, वेणी मी घालून देते. शेवटचं इंजेक्शन १० जूनला आहे, आणि लाईन काढायची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी पाचची घेतली आहे.

जुन्या हॉस्पिटलमध्ये पण जाऊन आले. भांडायला नाही गेले. आईचा कल्चर रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोट झेरॉक्स करून दिली आणि म्हटलं की तुमच्या आयसीयूतल्या लोकांना दाखवा, आणि डिस्चार्ज कार्डवर लाईन कधी टाकली कधी काढली आणि ताप आला किंवा सांधा दुखला तर परत या, एवढ्या दोन ओळी लिहीत जा. तिथल्या मेट्रन मॅडमनी कागद घेतले, बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

सिकलवाल्या ताई, तुमच्या भावाबद्दल आईला सांगितलं. ती रोज विचारते तो पोरगा कसा आहे.


सिकलवाल्याची_बहीण
२७ मे, संध्याकाळी ६:५०

बरा आहे काकूंना सांगा. परीक्षा सुरू आहे. यावेळी ॲडमिट केलं होतं तेव्हा सोनोग्राफी लावून हाताचीच शीर शोधली, अर्धा तास लागला पण सापडली, लाईन टाकावी लागली नाही.